शंभरीतला आवाज टिपण्यासाठी झूम एच१ इसेन्शियल: गोव्यातल्या घरांच्या हिशेबाने

शंभरीच्या सत्काराला मंडप पडतो, शाल-श्रीफळ येतं, पाच-सहा पाहुण्यांची भाषणं होतात. सत्कारमूर्तींपुढे माईक जातो तो सगळ्यांत शेवटी. तोवर त्या दमलेल्या असतात, दोन शब्द बोलून हात जोडतात. शंभर वर्षांचं सांगणं घरातच राहतं आणि एक दिवस तेही राहत नाही. म्हणून सत्काराच्या महिनाभर आधी घरी बसून त्यांचं बोलणं नीट ध्वनिमुद्रित करावं आणि मंडपात एका पाहुण्याचं भाषण कमी करून त्यातली पाच मिनिटं ऐकवावीत, असं माझं ठाम मत आहे. या कामाला झूम कंपनीचा एच१ इसेन्शियल हा खिशात मावणारा रेकॉर्डर कितपत पुरतो, तेवढंच इथे पाहायचं आहे. संगीताची मैफल किंवा यूट्यूबचे व्हिडिओ यांसाठी तो कसा आहे, हा वेगळा विषय.

निकाल आधीच सांगतो: घ्यावा. मात्र एकटा घेऊ नये. त्याच्याबरोबर कॉलरला लावायचा माईक, मेमरी कार्ड आणि माईकवर चढवायची फोमची टोपी या तीन गोष्टी हव्यातच. आणि खोली चुकली तर यातलं काहीच कामाला येत नाही.

घरात मोबाईल असताना वेगळं यंत्र कशाला, हा पहिला प्रश्न येतोच. मोबाईल बोलण्यासाठी बनवलेला असतो. मागचा गोंगाट दाबायचा आणि बारीक आवाज आपोआप वर चढवायचा, असं त्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं. तरुण माणसाच्या खणखणीत आवाजावर याचा फारसा परिणाम जाणवत नाही. शंभरीतल्या आवाजात मात्र श्वास जास्त आणि स्वर कमी असतो. स्वरतंतू पातळ झालेले असतात, ते पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे बोलण्यात हवा मिसळते. पुरुषांचा आवाज या वयात थोडा चढतो, बायकांचा उतरतो. ही हवा म्हणजेच गोंगाट असं समजून मोबाईल ती कापतो आणि तिच्याबरोबर वाक्याच्या शेवटचे शब्दही जातात. मध्ये माणूस थांबला की तेवढ्या शांततेत पंख्याचा आवाज फुगून वर येतो. त्यात ऐन रंगात फोन वाजला तर काही मोबाईलवर रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. दुसरं काहीच हाताशी नसेल तर मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून जरूर वापरा, न करण्यापेक्षा ते शतपटीने बरं. पण निवड हातात असेल तर वेगळं यंत्र घ्या.

एच१ इसेन्शियल जानेवारी २०२४ मध्ये आला. त्याच्या आधीच्या एच१एन या रेकॉर्डरला आवाजाची पातळी लावायचं गोल चक्र होतं. नव्यात ते काढूनच टाकलं आहे, कारण हा रेकॉर्डर ३२-बिट फ्लोट पद्धतीने आवाज साठवतो. साध्या शब्दांत सांगायचं तर अगदी पुटपुटणं आणि अचानक मारलेली हाक, दोन्ही एकाच फाइलीत बिनफाटके राहतात आणि पातळी नंतर संगणकावर वरखाली करता येते. आपल्या कामाला हा गुण नेमका लागतो. आजी कुजबुजत बोलत असतात, बोलता बोलता एखादी ओवी आठवते आणि त्या गायला लागतात, किंवा अंगणातल्या नातवाला मोठ्याने हाक मारतात. चक्राच्या यंत्रावर कुजबुजीसाठी पातळी वाढवून ठेवलेली असली की ती हाक फाटते, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. इथे ती चिंता मिटते.

तरी ३२-बिट म्हणजे जादू नाही. माईक स्वतःच ताणाबाहेर गेला, कॉलरच्या माईकवर बोट आपटलं किंवा खोकल्याची उबळ थेट त्याच्यावर गेली, तर आवाज माईकमध्येच फाटतो. यंत्र तो फाटलेलाच साठवतं. उलट बाजूही तशीच आहे. दूर ठेवलेल्या यंत्रात बारीक आलेला आवाज नंतर चढवता येतो, पण त्याच्याबरोबर माईकची स्वतःची खरखर आणि खोलीचा घुमाराही चढतो. अंतर दुप्पट झालं की समोरून येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून यंत्र तोंडापासून २०–३० सेंटिमीटरवर हवं, टीपॉयच्या पलीकडे नव्हे.

घुमारा हा गोव्यातल्या जुन्या घरांचा मोठा प्रश्न आहे. सोप्यावर तांबडी गुळगुळीत जमीन, चुन्याच्या भिंती, उंच छप्पर: बसायला थंडगार, रेकॉर्डिंगला वाईट. पाहुणे आले की वडीलधाऱ्यांना सोप्यावर आणून बसवायची पद्धत आहे, पण या कामासाठी तो मोह टाळा. निजायची खोली निवडा, जिथे गादी, उशा, कपड्यांचं कपाट आणि पडदे आहेत. खुर्ची भिंतीला चिकटवून न ठेवता हातभर पुढे घ्या, मागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, पायाखाली चटई किंवा जाजम टाका. टाळी वाजवून बघा: मागून शेपूट ऐकू येत असेल तर आणखी एक गोधडी लावा. मंगळुरी कौलांवर पाऊस पडायला लागला की काहीही केलं तरी तो ऐकू येतो, पत्र्यावर तर बोलणंच बुडतं. जून-जुलैत कामाला लागू नका, चतुर्थी झाल्यावर सुरू करा. पंखा बंद ठेवायचा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तासभर बंद करा, आणि तो पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्याच्यावरच ठेवा. भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ काढून बाहेर न्या. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू मात्र थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. तो वाजला की एक क्षण थांबा, मग प्रश्न पुन्हा विचारा. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तो भोंपूही हवाच असेल.

यंत्रावरचे दोन माईक काटकोनात बसवलेले आहेत. खोली चांगली असेल आणि आजी-आजोबा एका जागी स्थिर बसत असतील तर तेवढ्यावर काम भागतं. यंत्र हातात धरू नका. अंग प्लास्टिकचं आहे, बोट सरकलं तरी खर्र ऐकू येतं. छोट्या तिपाईवर बसवा आणि तिपाईखाली घडी केलेला पंचा ठेवा, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या पेल्याचा ठोका वर चढत नाही.

पण या वयात बहुतेक जण एका जागी स्थिर बसत नाहीत. मान कलते, माणूस उशीला टेकतो, आठवण आली की खिडकीकडे वळतो. म्हणून माझा कल कॉलर माईककडे आहे, आणि इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. माईकची पिन हातात घेऊन नीट बघा. पिनेवर काळ्या रेघा किती आहेत? तीन असतील तर ती पिन मोबाईलसाठी जोडलेली आहे, दोन असतील तर कॅमेरा आणि रेकॉर्डरसाठी. तीन रेघांची पिन या यंत्रात घातली तर ती आत बसते, पण आवाज येत नाही, किंवा खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. त्यासाठी तीनाचं दोन करणारी छोटी वायर मिळते, ती घ्या. बाजारात सहज मिळणाऱ्या बोया बीवाय-एम१ माईकला तीन रेघांची पिन असली तरी तारेवरच्या डबीत एक खटका असतो: एका बाजूला स्मार्टफोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. रेकॉर्डरला लावताना खटका कॅमेऱ्याकडे हवा आणि डबीत एलआर४४ हा बटणासारखा सेल हवा. काम संपल्यावर खटका परत स्मार्टफोनकडे केला नाही तर सेल उतरत राहतो आणि पुढच्या वेळी माईक मुका निघतो. दोन जादा सेल पिशवीत ठेवा. या माईकची तार ६ मीटर लांब आहे, ती खुर्चीच्या पायाला एकदा गुंडाळा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ओढ पदरापर्यंत पोचत नाही. बाहेरचा माईक लावला की यंत्राचे स्वतःचे माईक बंद होतात, हेही ध्यानात असू द्या. मग प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज दूरून, बारीक येतो. ते चालतं.

शंभरी गाठणाऱ्यांत बायकांची संख्या जगभरच जास्त असते, त्यामुळे माईक पदरावर कसा लावायचा याला मी एवढं महत्त्व देतो. नवी, खळ असलेली साडी नको. रोजच्या वापरातलं, मऊ झालेलं सुती लुगडं बरं. माईक हनुवटीखाली १५–२० सेंटिमीटरवर, छातीच्या मध्यापासून जरा बाजूला लावा, कारण मध्ये मण्यांची माळ किंवा साखळी असते आणि ती श्वासागणिक माईकवर टेकते. पदर सरकत असेल तर खांद्यावर एक मऊ पंचा टाका आणि चिमटा त्याला लावा. काकणांचा आवाज येतोच. काढायला सांगू नका, हात मांडीवर ठेवलेल्या उशीवर विसावू द्या. पुरुष घरात उघड्या अंगाने बसत असतील तर पुन्हा तोच पंचा उपयोगी. तार किंवा माईक चिकटपट्टीने कातडीवर कधीही लावू नका, औषधाच्या दुकानातली कागदी पट्टीसुद्धा नको. शंभरीतली कातडी कागदासारखी झालेली असते, पट्टी काढताना सोलून निघते, आणि ती जखम भरायला आठवडे जातात. कानात यंत्र असेल तर त्याला हात किंवा उशी लागली की शीळ घुमते आणि ती रेकॉर्डिंगमध्ये येते. तेव्हा उशी मानेखाली ठेवा, कानाशी नको.

यंत्राबरोबर कार्ड येत नाही. मायक्रोएसडी कार्ड वेगळं घ्यावं लागतं. ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण १.४ जीबी जागा घेतं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात वीस-बावीस तास बसतात. एका व्यक्तीसाठी ते पुष्कळ झालं. कार्ड यंत्रातच फॉरमॅट करा, संगणकावर नव्हे. सेल लागतात दोन, ट्रिपल ए आकाराचे. अल्कलाइन सेलवर सुमारे १० तासांचा हिशेब कंपनी देते. रिचार्ज होणारे सेल वापरणार असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर पट्टी भरलेली दिसत असतानाच यंत्र मान टाकतं. यूएसबी-सी तारेवरही ते चालतं, पण काही पॉवर बँक एवढा कमी विजेचा भार ओळखत नाहीत आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद होतात. नवे सेल घाला आणि निश्चिंत राहा.

आता एक गोष्ट, जी अशा यंत्रांबद्दल लिहिताना सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्यांचा आवाज टिपायचा ते शंभरीचे असतात, आणि घरात त्यांच्याजवळ दिवसभर असणारा मुलगा किंवा सून सत्तरीच्या आसपास असते. नातवंडं पुण्यात नाहीतर परदेशात. यंत्र चालवायचं आहे ते या सत्तरीतल्या हातांनी. त्या दृष्टीने एच१ इसेन्शियलचं मोठं लाल बटण ही त्याची खरी जमेची बाजू आहे. पातळी लावायची नाही, बटण दाबायचं आणि पडद्यावर आवाजाची लाट सरकताना दिसते का बघायचं. लाट सपाट असेल तर माईक मुका आहे. एकदा सुरू झालं की बाजूचा खटका होल्डकडे सरकवा, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी बंद पडत नाही. मेनू वाचून दाखवणारी सोय दिली आहे, दृष्टी अधू झालेल्यांना ती उपयोगी पडावी, पण ती मराठीत नाही. पडदा लहान आणि मेनूतली अक्षरं बारीक, ही माझी खरी तक्रार. तारीख-वेळ, ४८ किलोहर्ट्झ, सेलचा प्रकार हे सगळं नातवंडांनी सुट्टीवर आल्यावर एकदाच लावून द्यावं. फाइलीचं नाव तारीख आणि वेळेवरून पडतं, तेव्हा घड्याळ चुकीचं असेल तर पुढे कोणतं बोलणं कधीचं याचा गोंधळ होतो. सेल बराच काळ काढून ठेवले असतील तर सुरू करताना घड्याळ आधी तपासा.

वेळ सकाळची निवडा. पेज पिऊन थोडं पडून झालं की साडेनऊ ते अकरा ही वेळ बरी. दुपार कलल्यावर या वयात मन थकतं, नावं आणि माणसं सरमिसळ होतात. एका बैठकीत वीस ते तीस मिनिटं पुरेत. मध्ये कोमट पाण्याचे किंवा पेजेच्या निवळीचे छोटे घोट द्या. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटून टचटच आवाज येतो आणि कवळी खडखडते. खाता खाता बोलतं करू नका, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका. या वयात आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे स, श, ट, क अशी व्यंजनं. ओरडल्याने फक्त स्वर मोठे होतात आणि शब्द आणखी अस्पष्ट ऐकू येतात. खालच्या पट्टीत, सावकाश, समोर बसून बोला, आणि उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. ज्यांनी लहानपणी मराठी शाळेत पाटीवर अक्षरं गिरवली त्यांच्यासाठी पाटीसारखा उपाय नाही: एक प्रश्न, दोन-दोन इंची अक्षरांत, काळ्या पाटीवर पांढऱ्या खडूने. पाटी हातात घेऊन वाचताना बरेच जण प्रश्न मोठ्याने म्हणतात, म्हणजे तो रेकॉर्डिंगमध्येही येतो.

प्रश्न मात्र नीट निवडा. "दीर्घायुष्याचं रहस्य काय?" हा प्रश्न शंभरीच्या माणसाला शंभर जणांनी विचारलेला असतो आणि उत्तर ठरलेलं असतं: देवाची कृपा. त्यात आशय आहे, पण तो तिथेच संपतो. त्याऐवजी हातांनी केलेलं काम विचारा. सोलां, म्हणजे आमसुलं, कशी करायची? साल रसात किती वेळा बुडवायची, मीठ कधी, उन्हाला किती दिवस? खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात) कोरगुट हा भात कधी पेरायचा, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं भरतीला कोण लावायचं आणि ओहोटीला कोण काढायचं, बांध फुटला तर गावकी कशी जमायची? धान्य मोजायची पायली, कुडव, खंडी ही मापं म्हणजे किती? अशा प्रश्नांना उत्तरं लांब येतात, क्रमाने येतात, आणि त्यातलं शहाणपण कुणी वेगळं काढून सांगावं लागत नाही.

साल विचारू नका, साल कुणाला आठवत नाही. खुंटी द्या, आठवण तिला आपोआप लटकते. १९२५ च्या आसपास जन्मलेल्या गोवेकरासाठी अशा खुंट्या पुष्कळ आहेत. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात एरनफेल्स आणि तिच्यासोबतची जर्मन-इटालियन जहाजं पेटली. वास्को, मुरगाव भागातल्या माणसाला विचारा: "मुरगांवा बोटी लासल्यो तेन्ना तुमचें लग्न जाल्लें?" १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा. १९५५ चा गोवामुक्तीचा सत्याग्रह आणि त्या सुमाराची भारताने केलेली नाकेबंदी, जेव्हा बटाटेसुद्धा हॉलंडहून यायचे. १९५८-५९ मध्ये रुपया जाऊन एस्कुद हे पोर्तुगीज चलन आलं, एका रुपयाला सहा. त्याआधी सोळा टांगांचा रुपया. बाजारात एका टांगेला काय मिळायचं, हा प्रश्न तोंड उघडायला फार चांगला. १९ डिसेंबर १९६१, गोवामुक्तीचा दिवस, तर सगळ्यांनाच आठवतो, पण तिथे घोषणा विचारू नका, त्या दिवशी घरात चूल कधी पेटली ते विचारा. मग १९६३ ची पहिली निवडणूक आणि भाऊसाहेब बांदोडकर, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. शेवटच्या विषयावर घरोघरी मतं वेगळी होती, अजूनही आहेत. विचारणाऱ्याने आपलं मत गिळावं आणि ऐकावं.

रेडिओची खुंटीही विसरू नका. १९५५ ते १९६१ या काळात सह्याद्रीच्या जंगलातून गोवामुक्तीचं गुप्त नभोवाणी केंद्र चालत होतं. ते चालवणाऱ्यांतल्या लिबिया लोबो सरदेसाई यांचा जन्म १९२४ चा, आणि २०२५ मध्ये, वयाची शंभरी उलटल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाला. तो आवाज चोरून ऐकणारे कान अजून काही घरांत आहेत. कोणाच्या घरी, कोणत्या खोलीत, किती बारीक आवाजात ऐकायचे, ते त्यांनाच माहीत.

भाषेचं एक सांगायला हवं. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतली ही पिढी घरात कोकणी बोलते, पोथी आणि पत्र मराठीत, आणि बोलण्यात पोर्तुगीज शब्द सहज येतात: जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची), रेजिदोर (गावचा सरकारी अधिकारी). कॅमेरा किंवा माईक दिसला की काही जण मुद्दाम पुस्तकी मराठीत शिरतात आणि वाक्यं आखडतात. प्रश्न घरच्या भाषेत विचारा, घरात ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने: मांय, आजी, आजो, भाई. उत्तरात कोकणी, मराठी, पोर्तुगीज जे येईल ते येऊ द्या. उतरवून घेतानाही सुधारू नका.

ओव्या आणि धालोची (गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याची) गाणी टिपताना एक अडचण हमखास येते. "म्हणून दाखवा" म्हटलं की दोन ओळींनंतर गाडी थांबते, कारण ती गाणी तोंडाबरोबर हातांनाही पाठ असतात. दळणाची ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर येते. खरं जातं फिरवलं तर दगडाची घरघर सगळा आवाज खाऊन टाकते, शिवाय त्या हातात आता तेवढं बळही नसतं. जात्याचा लाकडी खुंटा तेवढा काढून हातात द्या, पुढ्यात घडी केलेली गोधडी ठेवा, आणि तिच्यावर तो गोल फिरवू द्या. हात दोन-तीन फेरे रिकामे फिरतो, ओठ हलतात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला अडलेली ओळ येते. यंत्र आधीच चालू असलं पाहिजे. तेव्हा लाल बटण शोधायला वेळ मिळत नाही. धालो बसून आठवत नसतील तर सुनेला आणि शेजारणीला बोलवा, त्यांनी ओळ धरली की उरलेली आजी पुरी करतात, आणि चुकलेली असेल तर सुधारतातही.

बोलता बोलता शांतता आली तर ती भरू नका. मनात दहापर्यंत मोजा. शंभर वर्षांतून एक नाव शोधून काढायला तेवढा वेळ लागतोच. बहुतेकदा सातव्या-आठव्या अंकाला उत्तर येतं. संपादन करताना या शांतता कापू नका. त्यांतला श्वाससुद्धा त्या माणसाचाच आहे.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, नाव, भाषा आणि समोर कोण बसलं आहे हे स्वच्छ शब्दांत बोला. नंतर त्यांची परवानगी त्यांच्याच तोंडून घ्या. मुलाने "हो, करा" म्हणणं पुरेसं नाही. आणि शेवटी पुन्हा विचारा, कारण सांगून झाल्यावर एखादी गोष्ट घराबाहेर जाऊ नये असं त्यांना वाटू शकतं. ती वेगळी काढा आणि शब्द पाळा. उठण्याआधी अर्धं मिनिट कुणीही न बोलता यंत्र चालू ठेवा. खोलीची ती रिकामी गुणगुण पुढे आवाज स्वच्छ करायला लागते.

वयाची खात्रीही याच बैठकीत होऊन जाते. आधार कार्डावर १ जानेवारी अशी जन्मतारीख दिसली तर ती अंदाजाने घातलेली असण्याची शक्यता मोठी. जुनी जन्मपत्रिका असेल तर शके पाहा: त्यात ७८ मिळवले की इसवी सन, पौषानंतरच्या जन्माला ७९. शके १८४७ म्हणजे १९२५-२६, संवत्सर क्रोधन. शके आणि संवत्सर जुळत नसतील तर नक्कल करताना चूक झाली असं समजा. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर भरवसा ठेवू नका, तेच नाव दर ६० वर्षांनी परत येतं. सहस्रचंद्रदर्शन कधी केलं हे घरात लक्षात असतं, तोही धागा आहे: हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षं आणि सुमारे १० महिने लागतात. शंभराव्या वर्षापर्यंत साधारण १,२३७ पौर्णिमा होतात, आणि सत्काराच्या पत्रिकेवर हा आकडा छापला तर मला तो नुसत्या "१००" पेक्षा जास्त आवडेल.

यंत्राची आणखी एक उणीव काम संपल्यावर कळते. ते फक्त ३२-बिट फ्लोट वेव्ह फाइल करतं, एमपी३ करत नाही. ही फाइल मोबाईलवर काही ॲपमध्ये उघडतच नाही, आणि घरचे म्हणतात काही रेकॉर्डच झालं नाही. ऑडासिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. फाइल उघडा, ८० हर्ट्झखालचा भाग हाय-पास फिल्टरने काढा म्हणजे गुणगुण आणि हादरे जातात, मग नॉर्मलाइज करून आवाज वर आणा, आणि एमपी३ म्हणून वेगळी प्रत काढा. गोंगाट काढायचं साधन जपून वापरा. जास्त चालवलं की म्हातारा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. मूळ वेव्ह फाइलीला हात लावू नका. तिच्या तीन प्रती हव्यात: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एच१एन हाताशी असेल तर नवा घ्यायची घाई नको. त्यात एमपी३ करण्याची सोय आहे आणि माईकची पिन लावायची जागाही तशीच. फक्त पातळी सांभाळावी लागते: लाट पडद्यावर अर्ध्याच्या आसपास ठेवा, लिमिटर (अचानक चढलेला आवाज दाबणारी सोय) चालू करा आणि आजी गायला लागल्या की चक्र जरा खाली आणा. घरात हे करणारं तरुण माणूस असेल तर तेवढं पुरे. नसेल, तर चक्र नसलेलं नवं यंत्रच बरं.

पावसाळ्याआधी सेल काढून ठेवा. गोव्याच्या दमटपणात ते पाझरतात आणि आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. यंत्र, माईक आणि फोम एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह. पुड्या महिन्याभराने बदला, फोमवर काळे ठिपके दिसले तर तो टाकून नवा घ्या. भरलेलं कार्ड पुन्हा वापरू नका. छोट्या पाकिटात घाला, त्यावर नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि घराची कागदपत्रं जिथे ठेवता तिथेच ठेवा.